अस्तित्ववादाची वाडीत चौकशी

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, नोकरीतले अनुभव लिहा. रोचक असावेत." मी त्यांना म्हटलं, रोचक अनुभव डॉक्टरांना येतात, पोलिसांना येतात, एसटीच्या कंट्रोलरला तर रोज येतात. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते. माझ्याकडे कोणी रक्तबंबाळ होऊन आलं नाही, फार तर पेंगत आलं. संपादक हसले आणि म्हणाले, तेच लिहा. तेव्हा लिहिते आहे. कंटाळा आला तर पुढे कुठेतरी फराळाच्या पाककृती असतीलच, तिकडे वळावं.

आधी धंदा समजावून सांगते, कारण तो माझ्या सख्ख्या नातेवाइकांनाही कळलेला नाही. माझे मोठे दीर अजून विचारतात, "तू ते ध्यानाबिनाचं शिकवायचीस ना?" रत्नागिरीसारख्या ठिकाणी तत्त्वज्ञान हा विषय कोणी मागून घेत नाही. अर्थशास्त्राच्या जागा भरल्या, इतिहासाचे सर खडूस आहेत असं कळलं, भूगोलात नकाशे काढावे लागतात हे लक्षात आलं, की उरलेली मुलं आमच्याकडे येत. त्यात लग्न ठरेपर्यंत मुक्कामाला आलेल्या मुली बऱ्याच. या मंडळींना तिसऱ्या वर्षाला मी अस्तित्ववाद शिकवायचे.

अस्तित्ववाद म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, ग्रंथ वाचायचे वाचतील. माणूस जगात आणून टाकलेला आहे आणि का टाकला ते कोणी सांगत नाही. काय व्हायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. ठरवताना तो एकटा असतो आणि त्या एकटेपणाची त्याला धास्ती वाटते. मग तो चारचौघांत शिरतो, ते म्हणतात तसं म्हणतो, करतात तसं करतो, आणि आपल्या हातात काही नव्हतंच असं स्वतःला पटवतो. ही स्वतःशी केलेली लबाडी. एवढंच आहे. यावर युरोपातल्या लोकांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आणि लिहून झाल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी कुठला ना कुठला पक्ष गाठला. गर्दीची हयातभर टर उडवणारा एक जर्मन तर त्याच्या देशातल्या सगळ्यात भयंकर गर्दीत जाऊन बसला. हे सांगितलं की वर्गाला तासात पहिल्यांदा जाग यायची. "म्हणजे मॅडम, तेपण आपल्यासारखेच?" असं एका मुलीनं विचारलं होतं. मी म्हटलं, आपल्यासारखेच, फक्त पगार बरा.

आमच्याकडचे विद्वानही काही कमी नव्हते. एकदा कॉलेजात 'आधुनिक माणसाचं एकटेपण' असं चर्चासत्र झालं. ते मे महिन्यात ठेवायचा निर्णय प्राचार्यांचा, कारण आंबा नसताना विद्वान रत्नागिरीला यायला तयार होत नाहीत. बीजभाषण पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांचं होतं. माणसाला एकांत पेलता आला पाहिजे, जो गर्दीला भितो आणि गर्दीवाचून जगूही शकत नाही तो अजून माणूसच झालेला नाही, असं ते चहा गार होईपर्यंत सांगत राहिले. संध्याकाळी त्यांचा विश्रामगृहावरून फोन आला. "मॅडम, इथे कोणीच नाही हो. टीव्हीपण चालत नाहीये." शेवटी आमच्या शिपाईमामांना मी त्यांच्या सोबतीला पाठवलं. मामा पत्त्यांचा जोड घेऊन गेले आणि बीजभाषण करणारे गृहस्थ झोप येईपर्यंत त्यांच्याशी बदामसात खेळले. दुसऱ्या दिवशी आंब्याच्या पेट्या गाडीत चढवताना त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला या एवढ्याशा गावात एकटं नाही वाटत?"

नाही वाटत, असं मी म्हटलं. खरं उत्तर लांबलचक होतं आणि त्यांना ऐकायचं नव्हतं. माझं माहेर दापोलीकडे, मुरुडच्या अलीकडचं. वडील शाळामास्तर, घर बौद्ध, वस्ती गावाच्या कडेला. गावात एखाद्या घराला वाळीत टाकलं की आम्हा मुलांना मोठं नवल वाटायचं. आम्हाला कोणी कधी वाळीत टाकलं नाही. वाळीत टाकायला माणूस आधी आत असावा लागतो. त्यामुळे एकटेपणावर टाळ्या घेणारी माणसं पाहिली की माझं डोकं फिरतं आणि ते नोकरी संपली तरी थांबलेलं नाही.

आता महेशबद्दल. संगमेश्वरच्या आतल्या एका वाडीतून येणारा हा मुलगा हजेरीला 'येस मॅडम' म्हणू शकत नसे. नाव पुकारलं की बोट वर करायचा आणि तेवढ्यानंही त्याच्या कपाळाला घाम फुटायचा. उभं केलं तर आवाज घशातून बाहेरच यायचा नाही. हल्ली याला सोशल अँग्झायटी म्हणतात. तेव्हा बुजरा म्हणत, आणि खेडेगावचा असला तर बावळट. कॉलेजनं एक समुपदेशक आणला होता, त्यानं सगळ्या मुलांना हॉलमध्ये बसवून दीर्घ श्वास घ्यायला लावले. महेशला त्या हॉलमध्येच घेरी आली. मी माझ्यापुरतं एवढंच केलं की त्याला वर्गात कधी उभं केलं नाही. दुसऱ्या माणसाची नजर आपल्यावर पडली की आपण वस्तू होतो, हा मुद्दा इतरांना शिकवताना माझा घसा कोरडा पडायचा. महेशला तो आधीच येत होता. परीक्षेत त्यावरच्या प्रश्नाला त्यानं लिहिलं तसं उत्तर मी अजून दुसऱ्या कोणाच्या पेपरात पाहिलेलं नाही आणि याचा मला अभिमान आहे. पुढे तो आंबा कॅनिंगच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागला. डब्यांशी बोलावं लागत नाही म्हणून ती नोकरी त्याला मानवली.

मी निवृत्त झाल्यावर एक दिवस फोन आला. "मी गंगाराम बोलतोय, म्हेशच्या वाडीचा प्रमुख. तुमी त्याला शिकवलात ना? मग रविवारी वाडीत या. बैठक हाय. तुमी त्याला काय शिकवलात ता आमाला जरा सांगा."

मला आधी वाटलं, सत्कार आहे. प्राध्यापक निवृत्त झाला की त्याला सगळीकडे सत्कारच दिसतो. मी सत्काराला आडकाठी नाही अशा आवाजात कारण विचारलं तेव्हा प्रकरण कळलं.

बाहेरच्यांसाठी सांगते. वाडी म्हणजे गावातली पंचवीसतीस घरं, बहुतेक एकाच भावकीची. निम्मे पुरुष मुंबईला, त्यांचं तिकडे मंडळ, इथल्यांचं इकडे मंडळ, आणि प्रत्येक गोष्ट दोन्ही मंडळांच्या बैठकीत ठरते: गणपतीत कोणाच्या घरी कधी भजन, पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, कुठून न्यायची, मत कोणाला द्यायचं. मत एकगठ्ठा पडतं. तेवढीच वाडीची ताकद, नाहीतर पुढारी रस्त्यानं येतसुद्धा नाहीत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गंगारामांचा पुतण्या प्रशांत वाडीचा उमेदवार होता आणि प्रभागात ही एकच वाडी. समोरचा उमेदवार पलीकडच्या प्रभागातला, त्याचं स्वतःचं मतही इथे नव्हतं. मोजणीत त्याच्या नावापुढे शून्य यायला हवं होतं. एक आलं. प्रशांत भरघोस मतांनी निवडून आला तरी कोणी गुलाल उधळला नाही, सगळे त्या एकाचा विचार करत होते. ते कोणाचं असेल हे ठरवायला वाडीला वेळ लागला नाही. वाडीत तत्त्वज्ञान शिकलेला एकच होता.

तेव्हापासून महेशच्या घराशी सगळ्यांनी बंद केलं. वाळीत हा शब्द बहिष्काराविरुद्ध कायदा आल्यापासून कोणी तोंडात घेत नाही. फक्त बोलत नाहीत, विस्तव देत नाहीत, पाण्याचा हंडा उचलू लागत नाहीत, हाकेला येत नाहीत. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, ती यांच्या दारावरून न थांबता पुढे गेली.

रविवारी महेश मला फाट्यावर मोटरसायकल घेऊन न्यायला आला. मी खचलेला मुलगा पाहायच्या तयारीनं गेले होते. तो चांगला अंगानं भरला होता आणि माझ्याशी आपणहून बोलत होता.

"मॅडम, खरं सांगू? बरं चाललंय. बैठका नाहीत, लग्नं नाहीत, वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनपण काढलं. फोन वाजत नाही. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यानं मान वर करून चालतोय, कारण बघतच नाही कोणी."

"आणि आई?"

"आईला जरा त्रास होतो."

जरा म्हणजे किती ते मी खोदून काढलं. वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. कूस बदलायला, बाहेर न्यायला दोन पुरुष तरी लागतात. पूर्वी हाक मारली की शेजारची माणसं यायची. आता महेश कामावर गेला की सुभद्राकाकी, म्हणजे त्याची आई, एकटी त्या जड देहाला ओढायची. पाठीला जखमा झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, फार दिवस काढणार नाहीत. आणि काकीला एकच घोर लागला होता की उद्या यांचं काही झालं तर खांदा द्यायला कोण येणार. महेश धरून एकच खांदा होता.

"तू तरी कशाला दिलंस रे ते मत?" मी म्हटलं. मनातून खूश होते, हे लिहून टाकते. एवढी वर्षं शिकवलं ते एकदा तरी वर्गाबाहेर पडलं, असं वाटत होतं.

"मी नाही दिलं," महेश म्हणाला. "सांगितलं तिथंच दिलं. बोट दुसरीकडे जाईल म्हणून दोनदा बघून बटण दाबलं."

"मग सांगत का नाहीस?"

"बैठकीत उभं राहून बोलावं लागेल ना." गियर बदलत म्हणाला, "आणि मॅडम, लोकांना वाटतंय मी धाडस केलं. ते ऐकायला बरं वाटतं."

गाडीवर मागे बसले होते म्हणून, नाहीतर मी त्याला एक ठेवून दिली असती. बाप जखमांनी कुजतोय, आई कंबर मोडून घेतेय, आणि हे चिरंजीव न केलेल्या धाडसाच्या सावलीत निवांत बसलेत. पुण्याच्या त्या गृहस्थांना एकांत पेलला नव्हता. याला पेलला होता, पण त्याचं वजन आईच्या डोक्यावर होतं.

सहाणेसमोर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यासमोर, मांडव होता. पुरुष सतरंजीवर, बायका मागे पडवीच्या कडेला. मला खुर्ची दिली आणि पाण्याची सीलबंद बाटली. बाकीचे सगळे एकाच तांब्यातून पीत होते. हा मान होता की आणखी काही, असले प्रश्न विचारणं मी कधीच सोडून दिलंय. एका नारळाला टेकवून मोबाइल उभा केला होता. त्यात मुंबई मंडळाचे अध्यक्ष बनियनवर बसलेले दिसत होते आणि मधून मधून गोठत होते.

गंगाराम म्हणाले, "मॅडम, सांगा. ह्याला काय शिकवलात?"

आयुष्यात मला हा प्रश्न प्राचार्यांनी विचारला नाही, विद्यापीठाच्या तपासणी समितीनं विचारला नाही. मी उभी राहिले आणि शिकवलं. माणूस स्वतः ठरवतो, ठरवल्याची जबाबदारी घेतो, बाकीच्यांच्या मागून जाणं हेही ठरवणंच असतं, मत ज्याचं त्याचं आणि गुप्त असतं, आणि तुम्ही चालवलंय तो गुन्हा आहे. चांगलं झालं व्याख्यान. पेंगणारं कोणी नव्हतं.

"कायदा आमाला म्हाईत हाय," गंगाराम शांतपणे म्हणाले. "आमी काय केलाय? कोणाला मारला? कोणाची वाट अडवली? फक्त बोलत नाय. बोलायची सक्ती हाय काय?"

मोबाइलमधून अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमचा एकटेपना तुमाला लखलाभ. हितं भाताच्या लावणीला मानसं लागतात, मयताला मानसं लागतात. वाडी हाय म्हणून आमी हाव. म्हेशनं सहाणेसमोर नारळ ठेवायचा, चुकलो बोलायचा, विषय संपला."

हेही खोटं नव्हतं. वाडी आजाऱ्याला खांद्यावरून रस्त्यापर्यंत नेते, हे मी पाहिलेलं आहे. ग्रंथ लिहिणाऱ्यांपैकी कोणाला असं उचलून नेल्याचं माझ्या वाचनात नाही. माझा राग वाडीच्या माणसं धरून ठेवण्यावर नव्हता, त्या धरण्याची किंमत ठरवणाऱ्यांवर होता.

महेशला पुढे बोलावलं. तो उभा राहिला. कपाळावर घाम, ओठ हलतायत, आवाज नाही. सगळी वाडी त्याच्याकडे बघत होती. मला त्याची कॉलेजातली हजेरी आठवली. मी म्हणणार होते की त्याला बसू द्या, तेवढ्यात पुढून कोणीतरी म्हणालं, "बगा. तोंड उगडत नाय. माज बगा केवढा." घशात अडकलेला आवाज आणि माज यांतला फरक वाडीला कळत नव्हता. तसा तो कॉलेजातही फारसा कोणाला कळला नव्हता.

तेव्हा मागून सुभद्राकाकी उठल्या. काटकुळी बाई, कंबरेला फडकं घट्ट बांधलेलं.

"ता मत माजा हाय," त्या म्हणाल्या.

"काकी, तुमी बसा," गंगाराम म्हणाले.

"बसते. पन मत माजा हाय. म्हेशनं तुमी सांगितलात तितंच दिलान. मी दुसऱ्याला दिलाय."

मोबाइलमधले अध्यक्ष "काय झाला, काय झाला" करत होते.

"कशाला दिलात?" गंगारामांनी विचारलं.

"गणपतीत तुमच्या परशांतनं माजा भाताचा मोठा टोप नेला. म्हायेरचा टोप. मागायला गेले तर बोलला, काकी, वाडीचाच समजा. घराची कौलं शाकारायला आलात तेवा बोललात, घर वाडीचा समजा. मताच्या वक्ताला बोललात, मत वाडीचा. आत जाऊन उभी ऱ्हायले, बगितला तर तितं दुसरा बटन होता. म्हटला, ह्या माजा. दाबला."

आधी एकजण हसला, मग दोघं, मग सगळा मांडव. मोबाइलमधलं हसू थोडं उशिरा आलं. गंगाराम डोळे पुसत म्हणाले, "टोपापायी? आनि आमी इतके दिवस बैठका घेतोय. अरे, बायामानसाचा काय मनावर घ्यायचा. जा रे परशांत, काकीचा टोप आन. मिटला म्हणायचा."

नारळ नको, चुकलो नको. गैरसमज झाला होता असं ठरलं. प्रशांतनं तिथल्या तिथे महेशला ग्रुपमध्ये परत घेतलं. महेशच्या खिशातला फोन वाजायला लागला तो थांबेचना, आणि त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

सुभद्राकाकी अजून उभ्याच होत्या.

"आनि माजा?" त्यांनी विचारलं.

"तुमचा काय, काकी?"

"मत मी दिलाय. मग माज्याशी बंद करा. म्हेशशी नको, त्याच्या बापाशी नको. माज्याशी करा."

"काकी, असा काय नसताच," गंगाराम समजुतीच्या स्वरात म्हणाले. "आमी कोणाशी बंद केलेला नाय."

"म्हेशशी केलेलात."

"ता वेगळा. तो शिकलेला हाय."

मी पुन्हा उभी राहिले. म्हटलं, महेशला शिक्षा केलीत म्हणजे त्यानं विचार करून काही केलं असं धरलंत. हिनं खरंच केलं, तर हसताय. हिला माफ करणारे तुम्ही कोण? माझा आवाज चढला होता. गंगाराम हात जोडून म्हणाले, "मॅडम, मत गुप्त असता, तुमीच आता बोललात. मग कशाला उकरताय?" पुन्हा हशा झाला. मला तो माणूस आवडला आणि त्याच्या थोबाडीत मारावंसंही वाटलं.

रिवाज असा की ज्या घराशी बंद झालेलं असतं तिथे बैठक उठून जाते आणि चहा पिते. चहा प्यायला की झालं गेलं संपलं. सगळे महेशच्या घरी गेले. मीही गेले. पडवी माणसांनी भरली. काकी आत गॅसपाशी बसल्या आणि तशाच बसून राहिल्या. पातेलं कोरडं, हात मांडीवर. मी दारात उभी होते. मला मनापासून वाटत होतं की यांनी चहा ठेवू नये.

आतल्या खोलीत म्हाताऱ्यानं कण्हल्यासारखा आवाज केला. कोणी काही सांगितलं नाही. पडवीतले चारजण उठून आत गेले, त्यात गंगाराम होते, प्रशांतही होता. त्यांनी म्हाताऱ्याला चादरीसकट अलगद उचललं, कुशीवर वळवलं, पाठीखाली धोतर घडी करून घातलं. एका शेजारणीनं जखमा पुसायला गरम पाणी मागितलं. किती सराईत हात होते ते. म्हातारा कण्हायचा थांबला. काकी मान वळवून हे सगळं बघत होत्या.

मग त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं आणि गॅस पेटवला.

कपबश्या कमी पडल्या म्हणून शेजारून आणल्या. पहिला कप काकींनी स्वतः गंगारामांना नेऊन दिला आणि त्यांच्यासमोर उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी जानून दिलाय. हात चुकला नवता."

गंगारामांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला. "चाय बरी झालीय, काकी," ते म्हणाले. "साखर तेवडी कमी घातलीत."

काकी आत गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या.